पाचव्या बरगडीखाली

१२ जानेवारी, सोमवार

काल टोरोंटोहून परतलो. त्या इराणी पोरीने, पेगाहने, एक छापील तक्ता दिलाय. रोज नाडी किती, जिना चढताना किती वेळा थांबलो, पाय सुजले का, हे त्यात भरायचं. तो तक्ता तिच्यासाठी. ही वही माझ्यासाठी. तक्ता भरायला पेन घ्यायला गेलो आणि वहीपण घेऊन आलो. एकसष्ट वर्षांत खाणीतल्या अपघातांचे अर्ज सोडले तर चार ओळींच्या वर काही लिहिलेलं नाही.

तर मी ओमेर ब्रिझब्वा, सडबरीचा. नऊ हंगाम बर्फावर हॉकी खेळलो. म्हणजे खेळायचे दुसरे, मी मारायचो. प्रत्येक संघात असा एक जण ठेवलेला असतो. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला की हातमोजे फेकायचे आणि त्याचं थोबाड फोडायचं, एवढंच त्याचं काम. मला 'हातोडा' म्हणायचे. नऊ वर्षांत गोल दोन. पुढे बावीस वर्षं निकेलच्या खाणीत.

आता हृदयाची एक झडप बिजागरी निखळलेल्या फाटकासारखी लटकतेय. तिला धरणारे दोरे तुटलेत, त्यामुळे पुढे जायचं रक्त मागे फिरतं. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी छाती करवतीने उघडली होती. तेव्हा हाडात पू झाला. पुन्हा उघडली तर टेबलावरच मरेन, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून हा नवा प्रकार. डाव्या बाजूला, पाचव्या बरगडीखाली, बोटभर चीर. तिथून हृदयाच्या टोकातून एक लांब बारीक हत्यार आत घालायचं आणि चालत्या हृदयात नवा दोरा ओवायचा.

आत काय चाललंय ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. तिथे पेगाहचं काम. आधी स्कॅनमध्ये काढलेलं माझ्या हृदयाचं चित्र, आणि ऑपरेशनच्या दिवशी घशातून नळी घालून सोनोग्राफीत दिसणारं हलतं चित्र, ही दोन्ही ती एकावर एक बसवते. सर्जन त्या जोडचित्राकडे बघत हत्यार चालवतो.

"किती चुकलं तर चालतं?" मी विचारलं.

"तीन मिलिमीटर."

"आणि त्याहून जास्त चुकलं तर?"

"तर मी थांबवीन," ती म्हणाली. माझ्या खांद्यालाही लागत नाही ही पोरगी. मला हसूच आलं.

सर्जन ड्रमंड मात्र आपला माणूस निघाला. "तुम्ही तो हातोडा? मी दहा वर्षांचा होतो! तुम्ही नॉर्थ बेच्या त्या बचावपटूला खाली पाडून असे काही हाणत होतात, की माझ्या वडिलांनी माझे डोळे झाकले!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. युगेत हसली नाही. प्रवासाने बायको थकते.

१६ जानेवारी

नाडी ९६. ड्रमंडने आठवण काढल्यापासून तो नॉर्थ बेवाला डोक्यातून जात नाही. हेल्मेट निघालं होतं त्याचं. मी केस धरून त्याचं तोंड बर्फावर आपटलं. पाच वेळा की सहा. बर्फ गुलाबी होतो, तांबडा नाही, हे टीव्हीवर कळत नाही. लोक उभे राहून माझं नाव घेत होते. त्याचा एक डोळा गेला असं नंतर ऐकलं. मी विचारायला गेलो नाही. ते माझं काम होतं. घरी मी कधीच तसला नव्हतो.

२५ जानेवारी, रविवार

हसलं तरी कळ येते, म्हणून सावकाश लिहितो.

दुपारी रेमी जेवायला आला. माझा एकुलता एक, एकतीस वर्षांचा, खाणीत ड्रिल चालवतो. युगेतने वाटाण्याचं सूप केलं होतं, ते कोमट होतं. आजारी माणसाला निदान गरम अन्न द्यावं एवढंच मी म्हणालो. बशी हातून गेली. भिंतीवर. युगेत तुकडे उचलायला वाकली तेव्हा मी तिचा दंड धरला, की राहू दे आता. नुसता धरला.

रेमी खुर्चीतून उठला. "सोड तिला."

"तू तुझं जेव."

"सोड तिला, पापा. आणि बाहेर ये."

आम्ही गॅरेजमध्ये गेलो. हिवाळ्यात आमच्या घरची भांडणं तिथेच होतात. त्याला पहिला ठोसाही मी तिथेच शिकवला. तो म्हणाला, "आईचं मनगट जिन्यावरून पडून मोडलं नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो. टेबलाखाली होतो. मी आवाज ऐकलाय."

मी म्हणालो, "नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं?" आणि त्याच्या कानाखाली दिली.

मग त्याने मारलं. डावा दाखवला आणि उजवा आणला, कोपर अंगाला चिकटवून, कमरेतून जोर घेऊन. अगदी मी शिकवला तसा. बरगडीवर एक, त्याच जागी दुसरा. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं, त्याचं रक्त माझ्या शर्टावर. त्याने मला बर्फगाडीवर ढकललं, मी खाली पडलो आणि त्याने बुटाने लाथ घातली. पोलादी टोकाचा, खाणीतला बूट. डाव्या काखेखाली. दोन बरगड्या मोडल्या. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

त्याने पुन्हा पाय उचलला. युगेत दारात आली होती. ती ओरडली नाही. "रेमी, पुरे," एवढंच म्हणाली, उकळतं दूध उतरवायला सांगावं तशी. तो पाय खाली ठेवून उभा राहिला आणि स्वतःच्या हातांकडे बघत रडायला लागला.

खरं सांगू? जमिनीवर पडलो होतो, श्वास येत नव्हता आणि मनात आलं, काय उजवा आहे पोराचा.

२६ जानेवारी

युगेत म्हणते इस्पितळात चल. मी नाही म्हटलं. ऑक्टोबरात रेमीने बारमध्ये एकाचा जबडा मोडलाय. वर्षभरात पुन्हा हात उचललास तर थेट तुरुंग, असं न्यायाधीशाने बजावलंय. डॉक्टर विचारणार, पोलीस येणार. शिवाय टोरोंटोवाल्यांना कळलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील आणि माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत.

"मी पोरासाठी गप्प बसतोय," मी तिला सांगितलं.

"पोरासाठी," ती म्हणाली आणि हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

३ फेब्रुवारी

आडवं झोपवत नाही. खुर्चीत बसून झोपतो. डावी बाजू वाळू भरल्यासारखी जड. झडपेमुळेच असणार.

पेगाहचा फोन आला. फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलत होतो, युगेत शेजारी बटाटे सोलत होती.

"मिस्टर ब्रिझब्वा, स्कॅननंतर काही बदल? पडलात, लागलं, ताप?"

"नाही."

"कुठे काही लागलं नाही ना? छातीला? मी पुन्हा विचारते, कारण तुम्ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेता. थोडा मार लागला तरी आत रक्त साठत राहतं. आत काही साठलं तर हृदय बाजूला सरकतं आणि माझं चित्र खोटं पडतं."

"नाही म्हटलं ना, पोरी."

युगेतची सुरी थांबली होती. फोन ठेवल्यावर ती पुन्हा सोलायला लागली.

११ फेब्रुवारी, बुधवार

टोरोंटो. बर्फाने रस्ता बंद होता, काल दुपारी पोचायचे ते आज संध्याकाळी पोचलो. उद्या पहाटे ऑपरेशन. छातीचा एक्स-रे आज व्हायचा होता, त्याची वेळ टळली. ड्रमंड म्हणाला, महिन्यापूर्वीचा स्कॅन आहे, पुरे.

अंगावरचा डाग आता पिवळा झालाय. कपडे बदलताना परिचारिकेने पाहिला. लाकडं फोडताना ओंडका लागला, असं सांगितलं.

"हातोडा ओंडक्याला हरला?" ड्रमंड हसला आणि गेला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जिवंत आहे. कुशीत बोटाएवढी नळी घातलीय, तिच्यातून काळं रक्त बाटलीत उतरतं. दोरा ओवलेला नाही. झडप तशीच लटकतेय.

काय घडलं ते मला भूल देणाऱ्या डॉक्टरने सांगितलं. मी टेबलावर, छातीवर निळं कापड, पाचव्या बरगडीखाली शाईची खूण. पेगाहने दोन चित्रं एकावर एक टाकली. जुळेनात. चौदा मिलिमीटरचा फरक. तिने पहिल्यापासून पुन्हा केलं. चौदा. तिसऱ्यांदा केलं. चौदा.

"मशीन बिघडलंय," ड्रमंड म्हणाला. "बंद कर ते. मी नुसत्या सोनोग्राफीवर करतो."

"मशीन बरोबर आहे. हृदय जागेवर नाही."

"हृदय चालत निघून गेलं का?"

"डॉक्टर, थांबा. खुणेखाली आता हृदयाचं टोक नाहीये."

त्याने सुरी उचलली. आणि त्या पोरीने पुढे होऊन आपला हात, हातमोजा नसलेला, उघडा हात, माझ्या छातीवर, बरोबर त्या शाईच्या खुणेवर दाबून धरला. निर्जंतुक केलेल्या जागेला असा हात लागला की सगळं थांबवावंच लागतं. ते तिला माहीत होतं. म्हणूनच तिने तसं केलं.

ड्रमंडने शिवी घातली. डाव्या हातात एक जड पोलादी चिमटा होता, तो त्याने तिच्या हातावर हाणला. एकदा. हात निघाला नाही. दुसऱ्यांदा हाणला. हात निघाला नाही. बोटाचं हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. तोवर भूलवाल्याने डाव्या कुशीवर सोनोग्राफी फिरवली आणि ओरडला, "आत रक्त आहे! खूप आहे!"

सव्वा लिटर निघालं. त्या रक्ताने हृदय उजवीकडे रेटलं होतं. ठरल्या जागी हत्यार घातलं असतं तर ते हृदयाची कूस फाडून गेलं असतं, असं भूलवाला म्हणाला.

ड्रमंडला एकदा बाहेर पार्किंगमध्ये गाठायचाय. बाईमाणसावर हात उचलतो साला.

१७ फेब्रुवारी

पेगाह आली. दोन बोटं पट्टीत बांधलेली.

"त्या ड्रमंडला मी सोडणार नाही," मी म्हणालो. "फक्त ही नळी निघू दे."

"माझ्यासाठी कुणाला मारू नका." ती खुर्चीत बसली नाही. "त्यांची चौकशी वेगळी चालू आहे. माझीही आहे. ते म्हणतात, रुग्णाला मार लागलाय का हे मी फोनवर विचारलंच नाही, तक्त्यात नुसती खूण केली. तसं ठरलं तर माझं काम बंद. सहा वर्षांचं. पुढच्या अकरा रुग्णांचंही."

मी खिडकीकडे बघत होतो.

"परवा समिती तुम्हाला विचारेल. मी विचारलं होतं की नाही, एवढंच सांगा."

"ओंडका होता," मी म्हणालो.

"मी ओंडक्याबद्दल विचारत नाहीये, मिस्टर ब्रिझब्वा."

ती गेल्यावर नाडी मोजली. १२२.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चाकाच्या खुर्चीतून नेलं. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचा जग. पेगाह एका टोकाला, ड्रमंड दुसऱ्या टोकाला. युगेत माझ्यामागे भिंतीशी.

मधल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने विचारलं, "तीन फेब्रुवारीच्या फोनवर डॉक्टर पेगाहनी तुम्हाला दुखापतीबद्दल विचारलं होतं का?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, मग खोटं का बोललात. त्याच्या पुढचा, कुणी मारलं. त्याच्या पुढचा, का मारलं. मी पोराचा विचार केला. देवाशपथ, पोराचाच केला.

"आठवत नाही," मी म्हणालो.

पेगाहने मान खाली घातली. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "विचारलं होतं," युगेत म्हणाली. "दोनदा. मी शेजारी बटाटे सोलत होते. हा दोन्ही वेळा नाही म्हणाला."

"युगेत, बस खाली."

"आणि ओंडका नव्हता. माझ्या मुलाने मारलं. पंचवीस जानेवारीला, गॅरेजमध्ये. कारण यानं सुपाची बशी भिंतीवर फोडली आणि माझा दंड पिरगाळला."

"मी धरला होता," मी म्हणालो. "नुसता धरला होता."

तिने बाही वर केली. महिना होत आला तरी चार बोटांच्या खुणा हिरव्या दिसत होत्या. मग ती थांबलीच नाही. मनगट. हर्स्टला तिच्या बहिणीकडे लग्न होतं तेव्हाचा दात. रेमी पोटात असतानाचं ते. आवाज चढवला नाही, महिन्यांचं आणि वर्षांचं सांगत गेली. मधला माणूस म्हणाला, "बाई, हे आमच्या चौकशीचा भाग नाही." ती म्हणाली, "माहीत आहे. पण तुम्ही लिहून घेताय ना, म्हणून सांगते."

मी ड्रमंडकडे बघितलं. खोलीत तो एकटाच माझ्याकडे बघत नव्हता.

बाहेर आल्यावर मी पेगाहला म्हणालो, "झालं तुझ्या मनासारखं. आता पोरगा तुरुंगात जाईल."

"कोण पाठवणार?" ती म्हणाली. "हे इस्पितळ आहे, पोलीस ठाणं नाही. आम्हाला फक्त मार लागल्याची तारीख हवी होती."

२७ फेब्रुवारी

काल झालं. नवा स्कॅन, नवं चित्र, दुसरी सर्जन. चित्र दीड मिलिमीटरवर बसलं. तीन दोरे ओवले, हृदय चालू असताना. पेगाह पट्टी बांधलेल्या हाताने सगळं करत होती म्हणे. सकाळी येऊन तिने पडद्यावर दाखवलं. ते माझं हृदय. मुठीसारखं. आवळतं, सुटतं, आवळतं.

"आभारी आहे," मी म्हणालो. मग म्हणालो, "समितीपुढे मी..."

"हो," ती म्हणाली आणि पडदा बंद केला.

युगेत गेल्या शुक्रवारपासून दिसली नाही. सामान आवरायला पुढे गेली असेल.

७ मार्च, शनिवार

रेमी न्यायला आला होता. चार तासांचा रस्ता. पॅरी साउंडला कॉफी घेतली तेव्हा त्याच्या नाकाकडे बघितलं, वाकडं जुळलंय.

"नाक वाकडं झालं तुझं."

"तुझ्याच डोक्याने."

मी हसलो. तो हसला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाला, "त्या दिवशी आई बोलली नसती ना, तर मी तुला मारून टाकलं असतं. मला मजा येत होती, पापा. ते कुणाला सांगू?"

मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या वेळी लोक उभे राहून नाव घ्यायचे, हे आठवलं. ते सांगण्यासारखं नव्हतं. "मलापण यायची," मी म्हणालो. त्याने गाडी सुरू केली.

घरी युगेतचं कपाट रिकामं होतं. "हर्स्टला गेली," रेमी म्हणाला. "रोलांद मावशीकडे."

"कधी येणार?"

त्याने माझी गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

१५ मार्च, रविवार

नाडी ७०. जिना एका दमात. छातीतली गळक्या झडपेची फुसफुस बंद झालीय, घरात इतकं शांत असतं हे माहीतच नव्हतं.

आठ दिवस एक वाक्य जुळवत होतो. लिहायचं, खोडायचं. पहिल्या खेपेला लिहिलं, 'त्या दिवशी जे घडलं.' खोडलं. मग, 'माझ्या हातून जे झालं.' तेही खोडलं. आज जेवण झाल्यावर फोन केला. रोलांदने उचलला. "तू?" म्हणाली. मग युगेत.

कागद समोर धरून मी वाचलं. "युगेत, तुझं मनगट मी मोडलं. जिना नव्हता."

पलीकडे रेडिओ चालू होता.

"मला माहीत आहे, ओमेर," ती म्हणाली. "मी तिथेच होते."

मला वाटलं होतं, हे बोललो की काहीतरी होईल. ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. "नाही, म्हणजे, तुला सांगावंसं वाटलं," मी म्हणालो.

"सांगितलंस."

फोन तिने ठेवला नाही. मीही नाही. मग ती म्हणाली, "चार एप्रिलला रेमीबरोबर येते. शिवणयंत्र आणि माझी भांडी न्यायला."

"मी उचलू लागेन. आता उचलता येतं मला."

"नको. त्या दिवशी तू घरी नको असू दे."

पूर्वी या वाक्यावर काय केलं असतं ते मला माहीत आहे. आता तिलाही माहीत आहे, रेमीलाही, टोरोंटोतल्या तीन अनोळखी माणसांनाही. कानात रक्त तसंच चढलं. मूठ तशीच वळली. मी त्या मुठीकडे बघत राहिलो, आवळली होती ती सुटेपर्यंत. वेळ लागला. युगेत पलीकडे थांबली होती. श्वास ऐकू येत होता, तो घाबरल्यावर असतो तसा होता. इतकी वर्षं तो मी थकव्याचा समजत आलो.

"किती वाजता येणार?" मी विचारलं.

"नऊ."

कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. चार तारखेला शनिवार आहे. आठला निघायचं, गाडी घेऊन जायचं, संध्याकाळपर्यंत परत फिरायचं नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवायचं आणि तिला यंत्र सरळ बाहेर काढता यावं म्हणून बर्फगाडी आदल्या दिवशी बाजूला सरकवायची.